जत्रेचा फड आणि गांवची तालीम

रब्बीची मळणी उरकून ज्वारी घरांत येऊन पडली आणि चैत्राचें ऊन तापूं लागलें, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यांत गांवोगांवच्या जत्रांचा हंगाम सुरू होतो. ग्रामदैवताची पालखी आणि छबिना यांच्या खालोखाल जत्रेचें मोठें आकर्षण म्हणजे कुस्त्यांचा फड. दुपार कलली कीं हलगी कडाडूं लागते; आधीं लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग नारळावरच्या, मग शेंदोनशें रुपयांच्या, आणि सूर्य मावळतीस टेकतांना शेवटची मोठ्या इनामाची कुस्ती लागते. या शेवटच्या कुस्तीसाठीं कोल्हापूर, सांगली, पुणें येथून, कधीं कधीं तर हरियाणा-पंजाबांतूनहि नामांकित मल्ल आणवितात. त्यांच्या इनामाची रक्कम कित्येक ठिकाणीं लाखांच्या घरांत जाते. ही रक्कम येते कोठून? घरटी वर्गणींतून, उसाच्या बिलांतून, डाळिंबाच्या पट्टींतून. म्हणजे या मासिकाच्या वाचकांच्याच खिशांतून येते. तेव्हां या खर्चाचा हिशेब मागण्याचा अधिकार आपणां वाचकांस आहे, व तो मागण्याची वेळहि आली आहे, असें आम्हांस वाटतें.

हिशेब साधा आहे. मोठी कुस्ती कधीं घटकाभरांत निकाली होते, कधीं बराच वेळ चालून बरोबरींत सोडविली जाते. दोन्ही मल्ल आपापलें इनाम घेऊन रात्रीच्या गाडीनें परत जातात. दुसऱ्या दिवशीं गांवांत उरते ती फडाची तुडविलेली माती आणि पारावरच्या गप्पा. ज्या पोरानें रेवडीसाठीं प्रथमच शड्डू ठोकला, ज्यानें आपल्याहून थोराड गड्यास पाठीवर पाडून मंडळींना चकित केलें, त्याला पुढील जत्रेपर्यंत कोणी विचारीत नाहीं. गांवांत जुनी तालीम असलीच, तर तिच्या हौद्यांतील माती वर्षानुवर्षें उकरलेली नसते. फळ विकत आणून खाण्यास आपण हजारों रुपये मोजतों, आणि घरच्या रोपास तांब्याभर पाणी घालीत नाहीं! आमचें म्हणणें एवढेंच कीं, जत्रेच्या फडावर होणाऱ्या खर्चांतील रुपयामागें आठ आणे गांवच्या तालमीकडे वळविले पाहिजेत. फड पैलवानाची परीक्षा घेतो, त्याला घडवीत नाहीं. घडविण्याची जागा तालीम होय.

तालीम ज्यांनीं बाहेरूनच पाहिली आहे, त्यांची अशी समजूत असते कीं तेथें मुलांच्या अंगांत केवळ बळ भरतात. बळ ही पुढची गोष्ट आहे. मुलगा तेथें पहिल्यानें जें शिकतो तें पडणें होय. हनुवटी छातीशीं घेऊन, हात न टेकतां, अंग गोल करून कसें पडावें हें ज्याला साधलें, त्याच्या मनगटास व खांद्यास सहसा इजा होत नाहीं. त्यानंतर जोर, बैठका, सपाट्या, दोरावर चढणें आणि हौदा उकरणें. हौद्याची माती ही शेतकऱ्यानें मुद्दाम पाहण्याजोगी वस्तु आहे. तांबडी माती बारीक चाळून, तींत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस व कापूर घालून ती मुरवितात. ती रोज फावड्यानें खालींवर केली नाहीं, तर दडपून बसते आणि पडणाऱ्याच्या पाठीस दगडासारखी लागते. ओल कमी झाली तर धुरळा होतो, अधिक झाली तर पाय निसटतो. भुई भुसभुशीत ठेवण्याची व वाफसा ओळखण्याची जी नजर चांगल्या शेतकऱ्यास असते, तीच हौद्याची मशागत करणाऱ्या पठ्ठ्यास लागते. शिवाय या उकरण्यांत खांदे, कंबर व पोटऱ्या यांस जो व्यायाम घडतो तो वेगळाच. आणि ज्या मातींत आपण खेळतों ती आपणच तयार करावयाची, ही सेवेची संवय लागते ती निराळीच.

मग डाव येतात. एकेरी पट, ढाक, टांग, घिस्सा, कलाजंग, मोळी अशीं त्यांचीं नांवें आपल्या वाचकांच्या कानांवरून गेलेलीं असतील. प्रत्येक डावास तोड असते आणि त्या तोडीसहि तोड असते. दुसऱ्याचें वजन कोणत्या पायावर आलें आहे, तो श्वास केव्हां घेतो, त्याचा हात केव्हां ढिला पडतो, हें क्षणांत ओळखून अंग त्याप्रमाणें हलविणें हें केवळ दांडगाईचें काम नव्हे. आणि या सर्वांहून मोठी शिकवण म्हणजे पाठीला माती लागल्यावर उठून, ती झटकून, ज्यानें पाडलें त्याचा हात हातांत घेणें. पीक बुडालें तरी पुढच्या मृगास चाड्यावर मूठ धरणाऱ्या शेतकऱ्याच्या घरांत या गुणाची किंमत सांगावयास नको. बारा-चौदा वर्षांच्या मुलास हा गुण व्याख्यानांनीं येत नाहीं. आठवड्यांतून चार वेळां चीत होऊन आणि पांचव्या वेळीं उभें राहून येतो.

परंतु ही घडण सावकाश होते, हें आपण विसरतों. मुलाच्या हाडांचीं वाढतीं टोकें सोळा-अठरा वर्षांपर्यंत कोंवळीं असतात. वस्तादानें त्याची उंची, वजन व दम पाहून मेहनत वाढवावयाची असते. आंतरराष्ट्रीय कुस्ती संघटनेनें आंखलेले गट पाहिले म्हणजे या गोष्टीचें महत्त्व ध्यानांत येईल. त्यांतील पहिला गट पंधरा वर्षांखालील मुलांचा. त्यांत चौदा-पंधरा वर्षांचीं मुलें घेतात, आणि तेरा वर्षांच्या मुलास डॉक्टरचा दाखला व आईबापांची संमति असेल तरच प्रवेश मिळतो. पुढें सतरा, वीस व तेवीस वर्षांखालील असे गट येतात. लहान गटांची कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, तर मोठ्यांची तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. म्हणजे सगळ्या जगानें मुलाच्या वाढीसाठीं पायऱ्या बांधल्या आहेत, आणि आपल्या जत्रेंत मात्र वय व वजन न पाहतां हाताला हात लावून जोड ठरवितात! ही अंदाजपंचे जोड लहान मुलांच्या बाबतींत तरी बंद झाली पाहिजे.

सावकाश घडण म्हणजे काय, याचें सर्वांत बोलकें उदाहरण कै. खाशाबा जाधव यांचें आहे. कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर या खेड्यांत १९२६ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पांच भावांत खाशाबा धाकटे. घरींच कुस्तीचे पहिले धडे मिळाले, कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिक्षण झालें, आणि पुढें ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत दाखल झाले. शाळा आणि तालीम या दोन्ही गोष्टी त्यांच्या बाबतींत एकमेकींच्या आड आल्या नाहींत, हें पालकांनीं नीट लक्षांत घ्यावें. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. मातींत घडलेला हा मल्ल तेथें गादीवरच्या कुस्तीस नवखा होता; तरी फ्लायवेट गटांत त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. त्यांचें वय तेव्हां बावीस होतें. परत आल्यावर चार वर्षें त्यांनीं मेहनत केली. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हां पैशाची अडचण पडली. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर सात हजार रुपयांस गहाण ठेवलें. हेलसिंकीस बँटमवेट गटांत खाशाबांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचें वैयक्तिक पदक येण्यास १९९६ साल, म्हणजे चवेचाळीस वर्षें लागलीं.

पदक घेऊन ते परतले तेव्हां शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक सर्वांच्या लक्षांत राहिली. परंतु पदक आणलें तें गहाणखतानें. बैलगाड्या जुंपल्या त्या विजयानंतर. घर गहाण पडलें तें विजयापूर्वीं, जेव्हां पदकाची कसलीहि शाश्वती नव्हती तेव्हां. आपल्या जत्रांचा सर्व खर्च बैलगाड्यांच्या जातीचा आहे. गहाणखताच्या जातीचा खर्च, म्हणजे फळ दिसण्यापूर्वीं रोपावर केलेला खर्च, आपण करूं लागलों तरच कांहीं साधेल. आणि पदकानंतर तरी काय? १९५५ सालीं खाशाबा पोलीस खात्यांत सबइन्स्पेक्टर म्हणून लागले. १९८४ सालीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्या शिक्षणामुळें आणि नोकरीमुळें त्यांचें घर चाललें, केवळ कुस्तीनें तें चाललें असतें असें म्हणवत नाहीं.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. या मातींत बीज नाहीं असें कोणीं म्हणूं नये. करमाळा तालुक्यांतील खडकी गांवचे पै. बाला रफिक शेख यांनीं २०१८ सालीं जालना येथें महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. मोहोळचे पै. सिकंदर शेख यांनीं तीच गदा २०२३ सालीं मिळविली. मंगळवेढा तालुक्यांतील पै. महेंद्र गायकवाड यांनीं २०२३ व २०२५ सालीं महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत गांठली. आणि त्याहीपूर्वीं, २०२२ सालीं बल्गेरियांतील सोफिया येथें वीस वर्षांखालील मल्लांच्या जागतिक स्पर्धेंत १२५ किलो गटांत रौप्यपदक पटकाविलें. हें रौप्यपदक आम्हांस विशेष मोलाचें वाटतें. केसरीची गदा ही पुऱ्या वाढलेल्या मल्लाची गोष्ट. परंतु विशीच्या आंतील मुलगा जगांत दुसरा येतो, याचा अर्थ त्याच्या लहानपणाची मशागत कोणीतरी नीट केली होती.

ती मशागत कोठें झाली, हें मात्र पाहण्यासारखें आहे. बाला रफिक हे कोल्हापुरास हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांच्या हाताखालीं तयार झाले, आणि गदा जिंकली ती बुलढाणा जिल्ह्याच्या नांवावर. सिकंदर शेख कोल्हापूरच्या गंगावेश तालमीचे. महेंद्र गायकवाड पुण्यास काका पवार यांच्याकडे शिकले. या वस्तादांचे व तालमींचे उपकार आपण मानलेच पाहिजेत. राजर्षि शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत तालमींना आश्रय दिला आणि १९१२ सालीं खासबाग मैदान उभें केलें, त्या पुण्याईवर आज चारी दिशांचीं मुलें पोसलीं जातात. पण गंमत अशी कीं, आपला जिल्हा कोल्हापुरास दोन वस्तु पुरवितो: एक पंढरपुरी म्हैस आणि दुसरी पैलवानकीची होतकरू पोरें. तलवारीसारख्या लांब शिंगांची आपली ही म्हैस कोल्हापूरच्या गंगावेशींत भर रस्त्यांत उभी राहून पान्हावते, आणि तिचें धारोष्ण दूध कट्ट्यावर बसून पैलवान पितात. म्हैस आपली, पोर आपलें. घडणारें घर मात्र दुसऱ्याचें! हातांत दोन पैसे असलेला बागाईतदार मुलाचा खुराक व खोलीभाडें पाठवूं शकतो. कोरडवाहू पांच एकरांच्या धन्यास तें साधत नाहीं. त्याचा मुलगा रेवड्यांच्या कुस्तींतच थांबतो. गुण नसल्यामुळें तो थांबला असता तर दुःख नव्हतें. पैसा नसल्यामुळें थांबतो, ही गोष्ट गांवानें मनास लावून घेण्याजोगी आहे.

पैशाचा विषय निघाला कीं खुराकाचा निघतोच. पैलवानाचा खुराक राजास परवडे, कुणब्यास नाहीं, अशी जुनी समजूत आहे. मोठ्या मल्लाच्या बाबतींत तींत तथ्य असेल. वाढत्या मुलाच्या बाबतींत नाहीं. मुलाच्या शरीरास मुख्यतः प्रथिनें लागतात, आणि तीं आपल्या शेतांतच पिकतात. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम, हरभऱ्यांत सुमारें २०, आणि भुईमुगाच्या दाण्यांत सुमारें २५ ग्रॅम प्रथिनें असतात. ज्वारींत लायसीन नांवाचा प्रथिनांचा एक घटक कमी पडतो. तो डाळींत भरपूर असतो. म्हणून नुसती भाकरी अपुरी, पण भाकरीबरोबर तुरीची दाट आमटी, मूठभर दाणे, भिजविलेले हरभरे व घरचें दूध असलें म्हणजे मुलाचें अन्न पूर्ण होतें. ज्यांना चालतात त्यांनीं अंडीं घालावीं. मोहोळच्या केंद्रांत निवडलेली मालदांडी ज्वारी आणि पंढरपुरी म्हशीचें दूध ज्या जिल्ह्यांत आहे, तेथील बापानें मुलासाठीं डब्यांतल्या भुकटीवर पैसे उधळावे, ही शोचनीय गोष्ट आहे. या भुकट्यांपैकीं कांहींमध्यें काय मिसळलेलें असतें हें विकणाऱ्यासहि ठाऊक नसतें, आणि उत्तेजक द्रव्य सांपडलें तर नियमाप्रमाणें जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. अंग झटपट फुगविण्याच्या सुया तर त्याहून घातक. त्यांनीं मुलाच्या हाडांची वाढ वेळेपूर्वीं खुंटते, आणि शरीरांतील इतर क्रिया बिघडतात त्या निराळ्याच. अशी सुई देणारा कोणीहि असो, त्याला गांवच्या तालमीची पायरी चढूं देऊं नये.

याच्याच जोडीला दुसरा एक अनर्थ चालतो, तो वजन तोडण्याचा. खालच्या वजनाच्या गटांत आपण भारी पडूं, या हिशेबानें मुलास स्पर्धेपूर्वीं दोन-तीन दिवस उपाशी ठेवतात, पाणी तोडतात, जाड कपडे घालून उन्हांत पळवितात. अमेरिकेंत १९९७ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरांत याच खटाटोपांत तीन कॉलेजविद्यार्थी मल्ल मरण पावले. त्यानंतर तेथील कॉलेजांनीं आपले वजनाचे नियम बदलले. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें २०२४ सालीं विनेश फोगाट अंतिम फेरीच्या दिवशीं अवघ्या शंभर ग्रॅम वजनानें बाद झाल्या, हें सर्व देशानें हळहळत पाहिलें. त्याच स्पर्धेंत कांस्यपदक मिळविणारे अमन सेहरावत यांस २०२५ सालच्या जागतिक स्पर्धेंत वजन १.७ किलो अधिक भरल्यामुळें कुस्ती न खेळतांच परतावें लागलें. हे तर पुरे वाढलेले, डॉक्टर व शिक्षक दिमतीस असलेले मल्ल. चौदा वर्षांच्या पोराची काय कथा? ज्वारी पोटरींत असतांना कोणी शहाणा शेतकरी पाणी असून तें तोडीत नाहीं. तोडलें तर कणीस भरत नाहीं, हें त्याला ठाऊक असतें. मग स्वतःच्या मुलाचें शरीर पोटरींत आलेलें असतां त्याचें पाणी तो कसें तोडूं देतो? वाढत्या मुलानें ज्या वजनांत तो सुखानें जेवूनखाऊन बसतो, त्याच वजनांत खेळावें. हरला तर हरूं द्यावा.

वय चोरण्याची गोष्टहि अशीच. १६ वर्षांच्या मुलाचा १४ वर्षांचा दाखला काढला म्हणजे दोन वर्षें पदकें मिळतात खरीं. पण ज्या दिवशीं तो आपल्या खऱ्या वयाच्या गटांत येऊन उभा राहतो, त्या दिवशीं त्याच्या पायाखालची माती सरकते. भारतीय कुस्ती महासंघानें २०२५ सालीं खोट्या जन्मदाखल्यांबद्दल कांहीं मल्लांस निलंबित केलें. त्या मल्लांपेक्षां त्यांच्या वडीलधाऱ्यांचा दोष मोठा असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. कारण दाखला मुलगा काढीत नाहीं, बाप काढतो. लंगोटाचा सच्चा असा पैलवानाचा गौरव आपण करतों. त्या सच्चेपणाची सुरुवात जन्माच्या दाखल्यापासूनच व्हावयास हवी.

मुलींविषयीं दोन शब्द लिहिणें अगत्याचें आहे. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची कुस्ती २००४ सालीं सुरू झाली, २०१६ सालीं साक्षी मलिक यांनीं कांस्यपदक आणलें, आणि २०२३ सालीं सांगली येथें महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. तरी आपल्या बहुतेक गांवांत तालमीचा उंबरठा मुलींस बंदच आहे. तो उघडावा, पण उघडतांना त्यांच्यासाठीं वेगळी वेळ, देखरेखीस गांवांतील जाणत्या स्त्रिया आणि तक्रार ऐकण्यास पंच असावेत. देशांतील नामांकित महिला मल्लांना २०२३ सालीं छळाची तक्रार घेऊन दिल्लीच्या रस्त्यावर बसावें लागलें. गांवच्या मुलीस गांवांतच तक्रार सांगतां आली पाहिजे, आणि हाच नियम लहान मुलग्यांसहि लागू आहे. वस्तादाचा मान मोठा. मुलाची सुरक्षितता त्याहून मोठी.

आमच्या सूचनेवर दोन आक्षेप येतील हें आम्ही जाणून आहों. पहिला असा कीं, मोठी कुस्ती कमी केली तर जत्रेची शोभा जाईल आणि लोक शेजारच्या गांवच्या फडास जातील. आम्ही मोठी कुस्ती बंद करा असें म्हणत नाहीं. तिचें इनाम आटोपशीर करा, एवढेंच म्हणतों. नामांकित मल्लाकडे पाहूनच पोरांच्या मनांत हौस उपजते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच फडांत गांवचा स्वतःचा पोर चढत्या जोडींत उतरतांना पाहण्याची शोभा कांहीं कमी नसते. आणि ज्याचा पोर हौद्यांत आहे तो बाप शेजारच्या गांवास जाणार नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, कुस्तीनें पोट भरत नाहीं, मग मुलांस त्या नादीं कां लावावें? या आक्षेपांत तथ्य आहे. शंभर मुलांत एखादाच मोठा मल्ल होतो. म्हणूनच तालीम गांवांत हवी आणि शाळा सुटतां कामा नये. परगांवच्या तालमींत पांच वर्षें घालवून, शाळा बुडवून, गुडघा दुखावून परत आलेला मुलगा ना शेताचा राहतो ना फडाचा. असे तरुण आपल्या सर्वांच्या पाहण्यांत आहेत. पण घरीं जेवून, शाळा सांभाळून, सकाळ-संध्याकाळ तालीम केलेला मुलगा मोठा मल्ल झाला नाहीं, तरी निरोगी, निर्व्यसनी आणि कष्टास न भिणारा शेतकरी होतो. उरलेल्या नव्व्याण्णवांसाठीं गांवची तालीम हवी. तो एक तींतूनच वर येईल.

तेव्हां येत्या जत्रेपूर्वीं प्रत्येक गांवच्या पंचांनीं व आपल्या सभासदांनीं एकत्र बसून पुढील गोष्टी ठरवाव्या, अशी आमची विनंति आहे.

(१) फडासाठीं जमणाऱ्या वर्गणींतील निम्मी रक्कम तालमीच्या खात्यावर वेगळी ठेवावी, व तिचा जमाखर्च जत्रेच्या दिवशीं सर्वांसमक्ष वाचावा.

(२) त्या रकमेंतून हौद्याची माती, छप्पर, दिवाबत्ती व वस्तादाचें मानधन भागवावें. उतारवयाकडे झुकलेले अनेक जाणते मल्ल खेडोपाडीं आहेत. त्यांना नियमित मानधन मिळालें तर त्यांची विद्या वायां जाणार नाहीं.

(३) स्पर्धा गादीवर होतात; म्हणून चार-पांच गांवांनीं मिळून एक गादी घ्यावी व ती सोयीच्या शाळेंत ठेवावी. मातींत पाया घालावा आणि चौदाव्या वर्षापासून गादीचीहि संवय लावावी. खाशाबांना बाविसाव्या वर्षीं जी अडचण आली, ती आजच्या मुलास येऊं नये.

(४) जत्रेंत सोळा वर्षांखालील मुलांच्या जोडी वय व वजन पाहूनच लावाव्या. त्यांचें इनाम रोख न देतां त्यांच्या नांवें पोस्टांत वा बँकेंत भरावें, अथवा वर्षभराचें दूध लावून द्यावें.

(५) शाळेंतील हजेरी पुरी नसेल त्या मुलास फडांत उतरूं देऊं नये. दहावीपर्यंत कोणत्याहि मुलास परगांवच्या तालमीस पाठवूं नये. त्यानंतर ज्याचा गुण वस्ताद व पंच दोघांनाहि पटेल, त्याच्या शिक्षणाचा व खुराकाचा भार गांवानें उचलावा.

(६) तालमींतील मुलांचें वजन, उंची व दुखापती यांची वही ठेवावी, आणि वर्षांतून दोनदां सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांकडून तपासणी करवावी. गजकर्ण झालेल्या मुलास तो बरा होईतों हौद्यांत घेऊं नये. एका अंगावरचें दुखणें सर्व तालमीस लागतें.

यांतील एकहि गोष्ट अशी नाहीं कीं, जी दोन-तीनशें उंबऱ्यांच्या गांवास झेपणार नाहीं. सरकारनें क्रीडासंकुलें बांधावींत, कुस्तीगीरांस मानधनें द्यावींत, हें सर्व योग्यच आहे आणि तें मागत राहिलें पाहिजे. पण सरकारची मदत तालुक्याच्या गांवीं येऊन थांबते. सात वर्षांच्या पोरास पडावें कसें हें शिकविणारा हौदा त्याच्या घरापासून हांकेच्या अंतरावरच असावा लागतो. तो गांवालाच राखावा लागेल.

डाळिंबाची बाग लावणारा शेतकरी पहिला बहार येताच तो धरीत नाहीं. झाड अंगानें भरूं देतो, फांदी सावरतो, आणि मगच फळ घेतो. ज्याला हा धीर नसतो त्याची बाग लवकर खराब होते. आपल्या मुलांच्या बाबतींत हाच धीर आपण धरावा. येत्या चैत्रांत हलगी वाजेल तेव्हां शेवटच्या कुस्तीचें इनाम किती, हें विचारण्याऐवजीं आपल्या तालमीचा हौदा यंदां किती वेळां उकरला, हें पंचांस विचारावें. या एका प्रश्नानें पुष्कळ काम होईल, अशी आमची खात्री आहे.